ज्याला यायचं तो येतो

टोपलीत लोकरी सपातांचा एकच जोड उरला होता, आणि आत जाणारे आम्ही दोघं.

"बुटांवर सपाता चढवल्याशिवाय पुढे जायचं नाही," दारावरच्या बाईंनी फर्मावलं. "जमिनीला ओरखडे पडतात. एक जण जाऊन या, मग दुसरा."

बाहेर ऑक्टोबरचा पाऊस तिरका कोसळत होता. मी खरं तर त्या पावसातून पळून आत शिरले होते. ते म्युझियम म्हणजे कोण्या विसरल्या गेलेल्या गायिकेचं चार खोल्यांचं घर... रीगा शहरात जन्म काढला तरी त्याचं नाव मी ऐकलं नव्हतं. शेजारच्या तरुणाने जोड उचलला आणि त्यातली एक सपाता माझ्यापुढे सरकवली.

"उजवी तुमची, डावी माझी. लंगडी येते ना?"

"शाळा सोडल्यापासून नाही घातली."

"म्हणजे परवापर्यंत घालत होतात की!"

खुशामत अगदी उघड होती. पण एकोणचाळिसाव्या वर्षी उघड खुशामतही गोड लागते, खोटं कशाला बोलू? मी हसले, आणि आम्ही एकमेकांचा दंड धरून लंगडी घालत त्या गायिकेच्या दिवाणखान्यात शिरलो. मागून बाई ओरडत होत्या, "प्यानोला धक्का लावू नका!"

त्याचं नाव राइतिस. वय अठ्ठावीस. एका नाटक कंपनीत सुतार होता. रंगमंचावरची खुर्च्या-कपाटं बनवायचा. गायिकेच्या खुर्चीची पाठ तो वितीने मोजत होता. मी इल्वा, चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि "आता दिसतं का?" असं विचारायचं, हा माझा धंदा.

त्या घरात आम्ही एका खोलीत शिरलो की बाई दिवा लावायच्या आणि निघालो की मालवायच्या. दोनच माणसांसाठी सगळीकडे वीज कशाला जाळायची? तिसऱ्या खोलीतला दिवा गेला आणि चौथीतला अजून लागायचा होता... तेवढ्यात त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. चुकून, असं मी स्वतःला सांगितलं. दिवा लागल्यावरही ती बाजूला झाली नाहीत, तेव्हा मात्र काय सांगावं ते सुचेना.

"चहा?" त्याने विचारलं.

"तुमच्या वयाची मुलं बियर विचारतात."

"माझ्या वयाच्या मुलांना अक्कल कमी असते."

जवळच्याच एका बागेतल्या काचेच्या चहाघरात वरच्या मजल्यावर बूट काढून गाद्यांवर बसायचं असतं. आम्ही लिंडनच्या फुलांचा चहा घेतला. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि ते लपवायला तो पाय सारखा दुमडून घेत होता. मला तो तिथेच आवडला.

मग प्रत्येक रविवार आमचा झाला. नदीपलीकडचं कुलपांचं म्युझियम, एका दवाखान्याच्या तळघरातलं काचेच्या बाटल्यांचं, ट्रामच्या जुन्या तिकिटांचं... कुठून शोधून काढायचा कोण जाणे! त्यानंतर दर वेळी एखादं नवं चहाघर, गल्लीतलं किंवा जिन्याखालचं. सगळीकडे आम्ही दोघंच, आणि विणकाम करत बसलेली एखादी दारावरची बाई. चौथ्या रविवारी मीच म्हटलं, "आता अहो-जाहो पुरे. तू 'तुम्ही' म्हणालास की माझी कंबर दुखायला लागते." मोठ्या माणसानेच म्हणायचं असतं ते, म्हणून मी म्हटलं. तो लाजला, दोनदा अडखळला, आणि मग म्हणाला, "तू... तुझ्या ओठावर मध लागलाय." पुढचं काही सांगत नाही. मध मात्र खरंच लागला होता.

मी बावीस वर्षांची असल्यासारखी वागू लागले. दुकानात गुणगुणायचे. सोबतच्या आग्नेसला फुशारकीने सांगायचे, "बाकीच्यांचे मित्र त्यांना मॉलमध्ये नेतात. माझ्या माणसाला दृष्टी आहे."

एकदा मी त्याला म्हटलं, "या रविवारी मोठ्या चित्रसंग्रहालयात जाऊ या ना. नंतर ऑपेरासमोर कॉफी."

"तिथे फार गर्दी असते गं."

"गर्दी माणसांचीच असते. चावत नाही."

"मला तू गर्दीत वाटून घ्यायची नाहीयेस," तो म्हणाला. किती गोड वाटलं मला तेव्हा! घरी जाऊन आरशात बघितलं स्वतःला.

डिसेंबरात एके दिवशी आम्ही जिन्याखालच्या चहाघरात बसलो होतो. माझे गार पडलेले हात त्याने आपल्या हातांत धरले होते. तेवढ्यात दार उघडलं आणि बर्फ झटकत पाच-सहा पोरंपोरी आत घुसली. सगळी त्याच्या नाटकातली. "अरे राइतिस! तू इथे लपतोस होय?"

माझे हात टेबलावर एकटे राहिले. त्याने त्याचे कधी काढून घेतले, कळलंही नाही.

"या इल्वाबाई," तो उभा राहून म्हणाला. "म्युझियमच्या जाणकार आहेत. खुर्च्यांसाठी मला यांची फार मदत होते... होय ना, तुम्ही परवा ते वेताच्या विणीबद्दल सांगत होतात?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. मग मी बोलायला लागले. वेताची वीण, खुर्चीचे पाय, गायिकेची बसायची ढब, जे तोंडाला येईल ते ठोकून दिलं. संतापाने माझा आवाज इतका स्वच्छ निघत होता की सगळे माना डोलवत ऐकत राहिले. शेवटी एक गोड चेहऱ्याची मुलगी म्हणाली, "किती छान सांगता तुम्ही! माझ्या आईलाही असल्या गोष्टींची भारी हौस आहे."

"आईला नमस्कार सांग," मी म्हटलं आणि कोट चढवला.

तो ट्रामच्या थांब्यापर्यंत धावत आला. नेमका तोवर रस्ता रिकामा झाला होता.

"इल्वा, ऐक ना. ती सगळी टवाळ आहेत. महिनाभर मला सुखाने जगू दिलं नसतं."

"मग ही म्युझियमं, ही चहाघरं... खुर्च्यांसाठी नव्हती तर. कुणी ओळखीचं भेटणार नाही म्हणून होती."

"तसं नाही."

"कसं आहे मग? मला दिसत नाहीये, तू दाखव."

तो बुटाने बर्फ उकरत राहिला. "मला थोडा वेळ दे," एवढंच म्हणाला. ट्राम आली. त्याला माझ्या नामदिवसाबद्दल काहीतरी सांगावं असं फार वाटलं, पण मी ट्राममध्ये चढले. नामदिवसाला आमच्याकडे बोलावणं करत नाहीत. कोणतं नाव कोणत्या तारखेचं ते घराघरांतल्या कॅलेंडरवर छापलेलं असतं; त्या दिवशी यजमानीण केक भाजते, दार लोटून ठेवते आणि वाट बघते. ज्याला यायचं तो येतो. चार जानेवारी, इल्वा. सगळ्या गावाला माहीत असतं, त्यालाही होतं.

चार जानेवारीला मी केशर घालून वळणाचा मोठा गोड पाव भाजला, खारवलेल्या मांसाचे छोटे पाव केले, जास्तीची एक खुर्ची शेजाऱ्यांकडून आणली. मला फक्त एवढंच हवं होतं, त्याने माझ्या माणसांसमोर माझ्या दारातून आत यावं. फुलं नकोत, अंगठी नको, नुसतं आत यावं आणि कुणी "हा कोण?" म्हणालं की खरं ते सांगावं.

अंधार पडायला लागला तशी माणसं जमली. आग्नेस आणि तिचा नवरा, खालचे शेजारी, दुकानाचे मालक. शेवटी काठी टेकत, धापा टाकत वेल्तामावशी आली. ही माझ्या आईची बहीण, सत्तरी उलटलेली, जिभेला हाड नसलेली. मी पडदा सारायला खिडकीशी गेले. समोरच्या ट्रामच्या थांब्यावर तो उभा होता. हातात कागदात गुंडाळलेली फुलं.

आला! मी धावत जाऊन केस नीट केले. ओठांना रंग लावला, मग पुसला, मग पुन्हा लावला.

दार वाजलं नाही.

मी परत खिडकीशी गेले. ट्राम आली, गेली, तो तिथेच. एकदा रस्त्याच्या मध्यापर्यंत आला. तेवढ्यात आमच्या जिन्याचं दार उघडून कुणीतरी बाहेर पडलं, तसा तो झटकन मागे फिरला आणि जाहिरातीचा फलक वाचत बसला.

"कुणाची वाट बघतेस गं?" मावशीने विचारलं.

"कुणाची नाही. बर्फ बघतेय."

"बर्फ बघून कुणी इतकं नटत नाही, पोरी."

मी हसले, सगळ्यांना चहा ओतला, पाव कापला. खिडकीतून हात हलवला असता तर तो आला असता का? कदाचित. पण मला हात हलवायचा नव्हता. पाहुणे एकेक करून उठले. खाली माणूस बाहेर पडला की थांब्यावरचा तो मान वर करून माझी खिडकी बघायचा. जणू दिवे मालवायची वाट बघत होता.

शेवटी मावशी उठली. तिला खाली सोडायला मी निघाले, तर तिने काठी उगारली. "अजून पाय शाबूत आहेत माझे. भांडी घास जा."

ती एक मजला उतरली असेल, आणि खालून भरभर चढणारी पावलं ऐकू आली. मी दारातच थबकले.

"कुणाकडे रे?" मावशीचा आवाज.

"वर... वरच्या मजल्यावर. दिव्याचं काम आहे."

"फुलं घेऊन दिवा दुरुस्त करतोस? आमच्या वेळी पेचकस आणायचे!"

मावशी खो-खो हसत पुढे उतरू लागली. तो वर आला. नाक लाल, भुवयांवर बर्फ, हातात पाच पांढरी ट्युलिप्स गारठून माना टाकलेली. इतका देखणा तो मला कधीच दिसला नव्हता.

"इल्वा," तो कुजबुजला. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग. पण मोठ्याने." मी दार सताड उघडं ठेवलं. "मावशी अजून जिन्यात आहे. तिच्या कानावर पडू दे."

त्याने कठड्याकडे पाहिलं. खाली काठी वाजत होती... ठक, मग पाय, मग पुन्हा ठक. त्याचे ओठ हलले. मी वाट बघितली. सगळा दिवस बघितली होती, त्यापेक्षा जास्त त्या जिन्यात बघितली. काठी आणखी एक मजला उतरली. आता बोल, राइतिस. अजून वेळ गेलेली नाही. नुसतं माझं नाव घेतलंस तरी चालेल.

खालचं जड दार उघडलं, आणि धाडकन लागलं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. अगदी स्पष्ट, डोळ्यांत पाणी आणून. "खूप. इतकं कुणावरच नव्हतं."

त्यात काडीचंही खोटं नव्हतं. मला ते कळत होतं, आणि म्हणूनच रडू आवरत नव्हतं. मी फुलं घेतली.

"माझंही आहे," मी म्हटलं. "आता खाली जा. रस्ता निसरडा झालाय, मावशीला थांब्यापर्यंत सोड."

"आणि मग?"

"मग तुझी ट्राम येईल. तिच्यात बस."

"पुढच्या रविवारी...?"

"नाही, राइतिस."

त्याने डोळे पुसले. मग उतरत गेला. मी खिडकीशी आले. मावशी पायरीवरच अडकली होती, बर्फात पाऊल टाकायला धजत नव्हती. त्याने तिच्यापुढे दंड धरला. तिने तो घट्ट पकडला, वर मान करून काहीतरी टोमणा मारला असावा, कारण तो हसला. दुकानं उघडी होती, थांब्यावर माणसं होती, सगळीकडे दिव्यांचा उजेड होता. सत्तरी उलटलेल्या बाईचा हात आपल्या हातात घेऊन तो त्या भर रस्त्यातून सावकाश चालत गेला, आणि त्याला कुणाचीही लाज वाटत नव्हती.