चाळिसाव्याला आलेला फोन

खोटं असतं, तर माझ्याच भावाची लाज मी अशी वेशीवर टांगली नसती.

गेल्या शरदातली गोष्ट. आमचं डोंगरातलं अत-बाशी गाव, भर दुपार. माझा भाऊ तोलोगोन जाऊन चाळीस दिवस झाले होते. अंगणात शोकाचा लोकरी तंबू उभा होता.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लिहीतसुद्धा नाही. माझी भावजय सायराकुल, तिच्या फोनात त्याचा नंबर 'घरधनी' म्हणून होता.

त्या सकाळी माझ्या नातीनं तिच्या फोनात एक ॲप घालून दिलं. नंबर घातला की तो कोणी कुठल्या नावानं ठेवलाय, सगळं उघडं पडतं.

वेडीनं नवऱ्याचाच नंबर घातला.

'तोलोगोन ट्रकवाला.' 'तोलोगोन मेंढ्या.'

'घरधनी...' दोन फोनांत.

"अक्का, एक मी. दुसरी कोण?"

"मला काय विचारतेस? मी काय त्याच्या खिशात बसले होते?"

"एकवीस वर्षं वाढलं मी त्यांना. आज कोणासाठी रडू, तेवढं सांगा."

"रड मुकाट्यानं. पाहुण्या फाटकात आल्या."

आमच्यात विधवा तंबूच्या भिंतीकडे तोंड करून विलाप गाते. तो संपेस्तोवर वळायचं नाही.

तंबूत आम्ही दोघीच. ती गात होती... कोरड्या घशानं.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला.

'घरधनी.'

त्याचं सिम मी चुलीत घातलं होतं. या हातांनी.

ती गातच राहिली...

आणि आमच्या पाठीमागे, दारापाशी... दुसरा फोन वाजला.

कोणीतरी उचलला.

बाईचा आवाज. मऊ. सवयीचा.

"हो, पोचले मी... नाही हो, तिनं अजून वळून पाहिलं नाही."

गाणं तुटलं. रीत मोडून सायराकुल वळली. मीही वळले.

दारात कोणी नव्हतं.

पाहुण्या अजून फाटकापाशी चपला-बूट झटकत होत्या.

मांडीवरचा फोन मात्र थरथरतच होता. तिनं उचलला. मी कान लावला.

माझ्या भावाचा आवाज. जरा वैतागलेला.

"अगं... तुला नव्हता लावला."

बस. तुटला.

सायराकुलनं डोक्यावरचा काळा रुमाल तिथंच सोडला. वर्षभर घालायचं काळं चाळिसाव्याला उतरलं. गाव बोललं. मी एकेकीचं तोंड बंद केलं.

त्याचा नंबर माझ्या फोनात अजून आहे. कितीदा पुसायला जाते... आणि बोट थांबतं.

पुसला, तर वाजल्यावर कळणार कसं, कोणाचा आहे ते?