नऊ आठवड्यांचं पिल्लू

टेबलावर ठेवलं तेव्हाच पिल्लू मेलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तरीही छातीला नळी लावून दोन मिनिटं ऐकलं, मग टॉवेल नीट पांघरला. समोर आठ वर्षांची मुलगी उभी होती. मागे तिचे वडील, हातात पिल्लाची लसीकरणाची पुस्तिका. मुलगी रडत नव्हती, आणि तेच डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं नाही.

“मी त्याला दूध दिलं,” मुलगी म्हणाली. “म्हणून मेलं.”

“कोणी सांगितलं?”

“दुकानातल्या काकांनी.”

वडिलांनी खालमानेने बाकीचं सांगितलं. रविवारी पिल्लू घरी आणलं, मंगळवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या. दुकानात फोन केला, तर दुकानदाराने मुलीलाच फोनवर बोलावलं आणि वाटीभर दुधाचं नाव ऐकताच निकाल देऊन टाकला. आज गुरुवार. दोन दिवसांत पोर धड जेवलेली नव्हती.

डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माल आपला, आणि खुनाचा आळ आठ वर्षांच्या पोरीवर! तोंडातले शब्द गिळून त्यांनी विष्ठेची तपासणी केली. पार्व्हो. आतड्यांची चाळण करणारा विषाणू.

पुस्तिकेत सगळं यथासांग होतं. वय नऊ आठवडे, दोन लसी, डॉक्टरांचा शिक्का. शिक्क्यावरचं नाव मात्र फासलेलं, अजिबात वाचता न येणारं. मग त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून आत पाहिलं. पुढचे दात आणि सुळे नुकतेच वर आलेले, मागच्या दाढांचा पत्ता नव्हता. पायाच्या गाद्यांवर जखमा होत्या, बारीक चौकटी उमटल्यासारख्या.

“आणण्याआधी आई पाहिली होती याची?”

“पाहिली ना. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय, आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. दुकानदार लगेच तयार झाला. पिल्लं पाळणाऱ्या एका ताईंकडे घेऊन गेला आम्हाला. रविवारी तिथूनच थेट घरी आणलं.”

वडिलांनी फोनवरचं चित्रीकरण दाखवलं. स्वच्छ खोली, जाड गादी, गादीवर सोनेरी केसांची देखणी कुत्री. पाच पिल्लं तिच्या पोटाशी घुसत होती. ती उठून बाजूला जाऊन बसली, पिल्लं पुन्हा मागे गेली, ती पुन्हा उठली.

डॉक्टरीणबाईंनी ते तीनदा पाहिलं आणि बापलेकीला बरोबर घेऊन दवाखान्याला कुलूप लावलं.

दुकानात काचेच्या पेटीत उरलेली चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. दुकानदाराने काखा वर केल्या. तो फक्त विकणारा, पिल्लं ताईंच्या घरची, ताई त्यांना पोटच्या पोरांसारखं जपतात, वगैरे. शेवटी म्हणाला, हवं तर दुसरं देतो बदलून. पोरीकडे न बघता म्हणाला, जसा काही घरातला बल्ब गेला होता.

पालिकेच्या निरीक्षकाला डॉक्टरीणबाईंनी अक्षरशः खुर्चीतून उठवून आणलं. कुत्र्याच्या पिल्लापायी पंचनामा म्हणजे राईचा पर्वत, अशी कुरकुर तो वाटभर करत होता. वडील वाट दाखवत होते; घरी कोणी नसल्याने मुलगीही बरोबर होती.

ताईंनी हसतमुखाने दार उघडलं. मऊ आवाज, स्वच्छ साडी, घरात कुठे कसला वास नाही. सोनेरी कुत्री गादीवर पसरली होती. आतल्या बंद खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुऊन पालथी घातलेली एकसारखी भांडी होती. डॉक्टरीणबाईंनी जाता जाता मोजली. चौदा.

“घरात कोण कोण असतं?”

“मी आणि ही. दोघीच.”

“पिल्लं इथेच झाली?”

“याच गादीवर. मी रात्रभर हिच्या उशाशी बसून होते. पहिल्या दिवसापासून इथेच वाढली.”

“आणि दूध?”

“भरपूर पाजलं हो. आता नऊ आठवडे झाले, आटलं.”

डॉक्टरीणबाई गादीशेजारी बसल्या. कुत्रीने शेपटी हलवली आणि पोट वर करून लोळली. लांब केसांतून त्यांची बोटं सावकाश फिरली आणि बेंबीखाली थांबली.

“ही शिवण कसली?”

“सिझर करावं लागलं तिचं.”

“या गादीवर?”

ताईंनी कुत्रीला हाक मारून गादीवरून उठवलं.

“आतल्या खोलीत टीव्ही कोण बघतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या उठल्या. “साहेब, लिहून घ्या. ते पिल्लू नऊ आठवड्यांचं नव्हतं. त्या वयात तोंडात सगळे अठ्ठावीस दुधाचे दात असतात. याला दाढाच नव्हत्या. फार तर पाच आठवड्यांचं. म्हणजे आईचं दूध अजून आटायला नको. पण या कुत्रीची आचळं पाहा, ज्वारीच्या दाण्याएवढी. आयुष्यात एकदाही कोणी ओढलेली नाहीत. ही शिवण पिल्लं न होण्याच्या ऑपरेशनची आहे. ही कोणाचीच आई नाही. म्हणून पिल्लं जवळ आली की उठून जाते.”

“मग हिला कशाला ठेवलंय?” निरीक्षकाने विचारलं.

“दाखवायला. आजार अंगात शिरल्यावर बाहेर पडायला तीन दिवस तरी लागतात. पिल्लाला दीड दिवसात उलट्या झाल्या, म्हणजे ते इथूनच आजारी गेलं. गादीवर वाढलेल्या पिल्लाच्या पायाला चौकटीच्या जखमा होत नाहीत, तारेच्या जाळीवर उभं राहून होतात. एका कुत्रीला चौदा भांडी लागत नाहीत. आणि टीव्ही भुंकणं ऐकू येऊ नये म्हणून लावलाय. दुकानदार सामील आहेच, पण कारखाना यांचा आहे. पिल्लू जितकं लहान तितकं लोकांना गोड वाटतं, म्हणून पाचव्या आठवड्यात आईपासून तोडायचं आणि पुस्तिकेत नऊ लिहायचं.”

निरीक्षकाने कपाट उघडलं. कोऱ्या पुस्तिकांचा गठ्ठा, सगळ्यांवर तोच फासलेला शिक्का. त्याची कुरकुर थांबली.

ताईंचा आवाज आता मऊ नव्हता. “आई दाखवा, आई दाखवा, हे लोकांना तुम्हीच शिकवलंत. खरी दाखवली असती तर कोणी घेतलं असतं का एक तरी पिल्लू?”

“नसतं घेतलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चावी द्या. पण आधी हिला सांगा.”

ताईंनी नाइलाजाने मुलीकडे पाहिलं. “दुधाने नाही मेलं.”

“मग?”

“आजारी होतं.”

“तुम्हाला माहीत होतं?” मुलीने विचारलं.

ताईंनी चावी टेबलावर टाकली. तेच उत्तर होतं.

टीव्ही बंद झाला आणि घरभर भुंकणं घुमलं. खोलीत एकावर एक रचलेले तेरा पिंजरे, प्रत्येकाला तळाशी जाळी. डोळे चिकटलेल्या, केस झडलेल्या कुत्र्या, उभं राहायलाही जागा नसलेल्या. खालच्या पिंजऱ्यातल्या एकीची आचळं दुधाने तटतटली होती, जाळीवर दूध ठिबकून वाळलं होतं.

“ही त्याची आई?” मुलीने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“हो.”

मुलगी त्या पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ खाली बसल्या. “त्याला अजून आईचंच दूध लागत होतं. सगळी मोठी माणसं पुस्तिका वाचत बसली. ते भुकेलंय हे फक्त तुला कळलं.”

तेव्हा कुठे मुलगी रडली. डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं आणि निरीक्षकाला पहिला पिंजरा उघडायला सांगितलं.