झाकण लावलं की रुसणारं विमान

"आवाज उतरला," भोंगा म्हणाला.

एरवी भोंग्याचं बोलणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं, म्हणून तर त्याचं हे नाव. आत्ता मात्र तो हळू बोलला, आणि म्हणूनच ठिणगीने झटकन वर पाहिलं.

मैदानाच्या मधोमध तिचा मावसभाऊ ढब्बू उभा होता. त्याच्या हातातल्या लाकडी मुठीपासून दोन बारीक तारा निघाल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला मुलांनी केलेलं छोटं लाल विमान त्याच्याभोवती गोल फिरत होतं. तारा ताठ असतील तोवर विमान ढब्बूचं ऐकणार. मोटर मंदावली की तारा सैल, आणि तारा सैल झाल्या की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मोटरची गुणगुण घोगरी झाली. मग अडखळली. मग थांबलीच.

"मागे पळ! ताण सोडू नकोस!" ठिणगी ओरडली.

ढब्बू उलट्या पावलांनी धडपडत पळाला. विमान डोक्याइतक्या उंचीवरून एकदम आत वळलं, त्याच्या कानाजवळून सूंऽ करत गेलं आणि गवतात नाक खुपसून बसलं. ढब्बूही बसला, तसाच मुठीसकट.

"कान आहे का बघ रे," तो भोंग्याला म्हणाला. "दोन्ही हवेत."

हसलं कुणीच नाही. कारण कडेला उभे असलेले कप्तानकाका आता मैदानात येत होते. एके काळी ते खरी विमानं चालवायचे. आता सुट्टीत ठिणगीच्या मामाच्या कारखान्यात मुलांकडून छोटी विमानं करून घ्यायचे.

"तिसऱ्यांदा," ते म्हणाले. "ठिणगी, बॅटरीपासून मोटरपर्यंतचे सगळे जोड तूच केलेस ना?"

"हो काका."

"जोड कच्चा असला की असंच होतं. मध्येच वीज तुटते. आज कान वाचला, उद्या डोळा जाईल. उद्या सगळ्यांचे आईबाबा येणार आहेत. तोवर मी जोडणी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. तू उद्या खुर्चीत बसून बघ."

 पहिल्याच दिवशी तिच्या हातून भलतीच तार भलत्या तारेला लागली होती आणि ठिणगी उडाली होती. नाव तिथून पडलं. त्यानंतर अख्खी सुट्टी ती जोड करायला शिकली होती. मामाने डाग द्यायची गरम कांडी हातात दिली की तिची जीभ आपोआप दातांत यायची, इतकं मन लावून. आणि आता खुर्ची.

डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून ती विमानाकडे धावली. आधीच्या दोन्ही वेळी विमान कप्तानकाका उचलून कारखान्यात नेत, मग सावकाश उघडत. या वेळी ते तिच्या हातात पहिलं आलं. तिने बॅटरीची तार उपसली, नाकावरचं झाकण काढलं आणि आपल्या एका जोडाला बोट लावलं. गार. दुसऱ्यालाही लावलं. तोही गार. मग मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरला बोट लागलं, आणि तिने ते झटकन मागे घेतलं.

"आई गं! हा तव्यासारखा तापलाय."

भोंग्यानेही बोट लावलं. पटत नसेल तर दुसऱ्यांदाही लावणाऱ्यांतला तो. "पण काकांनी उघडून मोटर चालवली तेव्हा तर छान चालली होती की. दोन्ही वेळा."

"दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलं की कशी दुखायची थांबते, तसं," ढब्बू कान चोळत म्हणाला.

ठिणगी झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. "उघडून चालवली तेव्हा," ती पुटपुटली. "ढब्बू, आपण उडवताना झाकण लावतो ना?"

"मग? उघडं कुठे उडवणार?"

कारखान्यात कप्तानकाका कपाटातून नवी तार काढत होते. ठिणगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. 

"काका, माझा जोड कच्चा असता तर तोच तापला असता. तुम्हीच शिकवलंय. तो गार आहे. कंट्रोलर तापून स्वतःला वाचवायला वीज तोडतोय."

"कशाने तापेल? हवा यायला नाकाशी भोक ठेवलंय की."

"ते ठाऊक नाही. पण एकदा झाकण लावून चालवा. मोटर थांबली नाही तर मी उद्या आपण होऊन खुर्चीत बसेन. मागच्या रांगेत."

मामाने खोकल्याचा आव आणून हसू लपवलं. कप्तानकाकांनी ठिणगीकडे पाहिलं, मग कपाट बंद केलं.

विमान टेबलाच्या कडेला शिकंज्यात आवळलं, पोट खाली मोकळं राहील असं. सगळे विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या मागे उभे राहिले. आधी झाकण उघडं ठेवून मोटर चालवली, तर ती शहाण्या बाळासारखी चालली. कप्तानकाकांच्या भुवया वर गेल्या. मग बॅटरी बदलली आणि झाकण लावलं.

मोटर घुमू लागली. टेबलावरचे कागद उडाले. भोंगा ओठ हलवत मनातल्या मनात फेऱ्या मोजत होता. विमान ज्या सुमाराला पडायचं तो सुमार आला. आवाज तसाच. थोडा वेळ गेला. आवाज तसाच. ठिणगीला खुर्ची दिसू लागली. मागची रांग. आपणच बोलून बसलो.

मान खाली घालावी म्हणून तिने घातली, आणि तिला विमानाचं पोट दिसलं. लाल आवरण एका जागी टम्म फुगलं होतं, कुणीतरी तोंडात हवा भरून गाल फुगवावा तसं.

त्याच वेळी आवाज उतरला. घोगरा झाला, अडखळला, थांबला. आणि फुगलेला गाल हळूच बसला.

"काका, त्या आवरणामागे काय आहे?"

कप्तानकाकांनी बॅटरी सोडवली, गुडघ्यावर बसून खालून बोट फिरवलं. "इथे तर हवा बाहेर जायचं भोक असायला हवं. ढब्बू, तू पाडलं होतंस ना?"

"पाडलं होतं. पातं बोथट होतं, पण पाडलं होतं."

सगळे एकदम मामाकडे वळले, कारण मामा एकदम कपाटाकडे वळला होता.

"मला वाटलं उंदराने कुरतडलंय," मामा कपाटाशीच बोलला. "म्हणून त्याच रंगाचं ठिगळ लावलं. इस्त्री फिरवून. दिसायलाच नको म्हटलं."

"नाहीच दिसलं," भोंगा म्हणाला.

"उंदीर मीच," ढब्बू म्हणाला, आणि आता मात्र सगळेच हसले.

"एकच खिडकी उघडली तर खोलीत झुळूक येत नाही," कप्तानकाका हळूच म्हणाले. "हवा नाकाने घुसत होती, पण बाहेर पडायला वाट नाही, म्हणून आतच कोंडत होती. झाकण उघडलं की वाट मिळायची. मी नेमकं तेव्हाच बघायचो."

मामाने स्वतःच्या हाताने ठिगळ कापलं. कंट्रोलर गार झाल्यावर झाकण लावून मोटर पुन्हा चालवली, ती उड्डाणाची ठरलेली वेळ संपेपर्यंत एका सुरात चालली.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला आईबाबांची रांग होती. ढब्बूने मूठ धरली, ठिणगीने विमान सोडलं. पहिल्या फेऱ्यांना टाळ्या पडल्या. नेहमी पडायचं त्या सुमाराला भोंग्याने डोळे मिटले. ठिणगीला मिटता येईनात. टेबल वेगळं, आणि वर फिरणारं विमान वेगळं; ढब्बू अजूनही तारांच्या टोकाशी उभा होता.

आवाज तसाच राहिला. ढब्बूने मूठ वळवली, विमान सरळ वर चढलं, त्याच्या डोक्यावरून पलीकडे उतरलं, आणि तारा शेवटपर्यंत ताठ होत्या. वेळ भरत आली तसं ढब्बूने ते खाली आणलं, आणि मोटर थांबली तेव्हा ते अलगद गवताला टेकलं.

कप्तानकाका ठिणगीच्या आईसमोर येऊन उभे राहिले. आवाज मुद्दाम मोठा होता, सगळ्यांना ऐकू जावा असा.

"मी झाकण उघडून पाहिलं आणि दर वेळी हिला दोष दिला. हिने झाकण लावून पाहिलं. हिचे जोड पहिल्यापासून पक्के होते."

मग ते ठिणगीकडे वळले आणि पिशवीतून स्वतःचं जुनं पिवळं विमान काढलं. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत.

"याची मोटर कधीकधी कुरकुरते. जरा उघडून बघशील?"

ठिणगीने विमान दोन्ही हातांत घेतलं.

"बघते काका. पण आधी उडवून दाखवा."