मॉरिसचा रंगवलेला सिलिंडर

“ई! गेलं! पुन्हा पार तळाला गेलं!”

एलिना ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेकचं पेडल दाबत होती. तिची मैत्रीण ऋतिका खिडकीतून वाकून बघत होती, आणि धाकटा भाऊ एरॉल बॉनेटवर चढून बसला होता.

“पप्पा!” एलिना ओरडली. “ब्रेक लागतच नाहीये!”

“अगं, नवीन पार्ट आहे. रुळायला वेळ लागतो,” अँथनीपप्पा ओट्यावरूनच म्हणाले. ते लग्नाच्या मांडवाची दोरी ताणत होते. “सॅन्टनने स्वतः बसवलाय. आणि मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका!”

१९९८ सालची मे महिन्याची सुट्टी. ऋतिका चंदनसारच्या फ्लॅटमधून पापडीला एलिनाकडे राहायला आली होती, ती खास जुलियाना आत्याच्या लग्नासाठी. रविवारी नवरी या जुन्या मॉरिसमधूनच गिरीजची डोंगरी उतरून चर्चला जाणार होती! गाडी आजोबांच्या वेळची. पप्पांनी तिला हौसेने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. पण तेव्हापासून पेडल खोल जाऊ लागलं. पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा जुना मास्टर सिलिंडर नव्या ब्रेकना पुरत नाही, मोठा हवा, असं सगळे म्हणाले. पण मोठा आणायचा कुठून? पप्पांनी मुंबईतले जुन्या गाड्यांच्या पार्ट्सचे सगळे बाजार पालथे घातले. शेवटी बोटीवर नोकरी करणाऱ्या कॉन्रॅडकाकांनी इंग्लंडच्या एका बंदरात तो शोधला आणि लोकरी हिरव्या मोज्यात गुंडाळून घरी आणला. पप्पांनी तो मोज्यासकट सॅन्टनअंकलच्या गॅरेजमध्ये दिला. सॅन्टन म्हणजे पप्पांचा शाळासोबती!

“मला एक सांग,” ऋतिका म्हणाली. “मोठा सिलिंडर कशाला लागतो?”

“म्हणजे... मोठा म्हणून!” एरॉल म्हणाला.

“वा रे पंडित!”

एलिनाची मम्मी, आग्नेस, नर्स होती. तिच्या कपाटातून ऋतिकाने एक मोठी आणि एक लहान सिरिंज मागून आणली. लहान पूर्ण आणि मोठी अर्धी पाण्याने भरून तिने त्या नळीने जोडल्या. “ही मोठी म्हणजे चाकाजवळचा नवा ब्रेक. आता ही लहान दाब.”

एरॉलने लहान सिरिंज पूर्ण दाबली. मोठीचा दट्ट्या जेमतेम सरकला.

“बघ! लहानीतलं पाणी संपलं, तरी काम झालं नाही. पेडल असंच तळाला जातं. मोठा सिलिंडर लावला की थोडं दाबलं तरी भरपूर तेल जाईल आणि पेडल वरच अडेल.”

एलिनाने पेडल पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “पण ते तर अजूनही तळालाच जातंय.”

ऋतिकाने गाडीचं दार उघडलं.

मॉरिसचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, गाडीच्या तळाच्या पत्र्याखाली दडलेला असतो. एलिनाने कार्पेट उचललं आणि नाकच दाबलं. “शी! काय घाण वास!”

कार्पेट खालून भिजून कुजलं होतं. त्यात उंदराच्या लेंड्या चिकटल्या होत्या. पत्र्याचं झाकण काढून ऋतिकाने टॉर्च मारला. सिलिंडरला चंदेरी रंग फासलेला होता. पण त्याच्यातून ब्रेक ऑइल पाझरत होतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. रंगाला फोड आले होते, त्याची सालं सुटून लोंबत होती. एलिनाने नखाने एक साल ओढली. खाली तांबूस गंज! बोटाला चिकट, काळी रबराची घाण लागली.

“याक! नवीन म्हणे!” एरॉल किंचाळला. “हा तर आपलाच जुना! रंगवून परत लावलाय!”

एलिनाने बोट कार्पेटला पुसलं. सॅन्टनअंकल काल याच गाडीच्या टपावर थाप मारून हसत म्हणाले होते, ‘नवरीला फुलासारखी पोचवेल!’

“मग आपला मोठा कुठे गेला?” ऋतिकाने विचारलं.

“जाऊन बघू या!”

गॅरेज वाडीच्या टोकाला होतं. सॅन्टनअंकल दारात खुर्ची टाकून पान चघळत बसले होते. समोरची भिंत पिचकाऱ्यांनी लाल झाली होती.

“अंकल, मॉरिसचा जुना सिलिंडर द्याल? आम्हाला आतून बघायचाय,” एलिनाने गोड आवाजात विचारलं.

“तो ना? फेकला मागच्या बावखलात!” अंकल हसले. “जा, बुडी मारून काढा!”

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. गेल्या वर्षीपर्यंत एरॉल त्यात पोहायचा. तिघं मागे गेली आणि जागच्या जागी थिजली. पाण्यावर काळ्या तेलाची साय धरली होती. कडेला पांढऱ्या पोटाचे मेलेले मासे तरंगत होते आणि त्यांच्यावर माशा घोंघावत होत्या. गॅरेजमधून एक पन्हळ थेट पाण्यात येत होती. तिच्यातून अजूनही थेंब पडत होते.

“सगळं जळकं तेल इथे सोडतात?” ऋतिका म्हणाली. “ही केळी याच पाण्यावर वाढतात ना?”

“आपण खातो ती!” एरॉलने पोटावर हात धरला.

“चला, शोधा! जुना गाडीतच आहे, म्हणजे पाण्यात काही नाही. नवा इथेच कुठेतरी असणार,” एलिना म्हणाली.

भिंतीला टेकून तेलकट चिंध्यांनी भरलेलं एक पिंप होतं. एलिनाने बाह्या सरसावल्या, डोळे मिटले आणि कोपरापर्यंत हात घातला. काहीतरी लिबलिबीत लागलं. काहीतरी वळवळलं आणि झुरळं भराभरा तिच्या दंडावर चढली!

“आई गं! शी शी शी!” पण तिने हात काढला नाही. तळाशी प्लास्टिकची पिशवी लागली. तिने चिंध्या बाजूला केल्या. पिशवीतून हिरवी लोकर दिसत होती.

“मोजा!” एरॉल उड्या मारू लागला. “घेऊन पळू या!”

“नको!” ऋतिका म्हणाली. “आपण नेला तर म्हणतील पोरांनी चोरला. किंवा म्हणतील हा दुसऱ्याच गाडीचा. त्यांच्याच तोंडून यायला हवं.”

एलिनाने चिंध्या पुन्हा वर ओढल्या. “मग मी काढते ते त्यांच्या तोंडून!”

संध्याकाळी सॅन्टनअंकल मांडवात आले. कॉन्रॅडकाका, मम्मी, जुलियाना आत्या, सगळे बसले होते. अंकलनी चकल्यांची बशी जवळ ओढली.

“पप्पा,” एलिना मोठ्याने म्हणाली, “नवरीची गाडी सॅन्टनअंकलनीच चालवावी! त्यांचाच मान!”

“अरे वा! झकास!” पप्पांनी टाळी वाजवली. “सॅन्टन, ठरलं!”

अंकलची चकली तोंडाजवळच थांबली. “मी? नको रे. माझी पाठ...”

“मग आता एक चक्कर मारा ना! आम्हाला डोंगरीवर नेऊन आणा,” ऋतिका म्हणाली.

“आता? चष्मा विसरलोय.”

“चष्मा खिशात आहे तुमच्या!” एरॉलने बोट दाखवलं.

सगळे हसले. अंकल हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम डवरला.

“मग तुमच्या मुलाला, रॉनीला पाठवा,” एलिना म्हणाली. “तो चालवेल आत्याला घेऊन.”

“रॉनीला? त्या ब्रेकवर डोंगर उतरवू? डोकं फिरलंय का तुझं!”

अंकलनी जीभ चावली, पण शब्द निसटून गेले होते.

“त्या ब्रेकवर?” पप्पा सावकाश उठले. “माझ्या बहिणीला चालतो, तुझ्या मुलाला नाही?”

एलिनाने कार्पेट उचलून दाखवलं. पप्पांनी रंगाची साल बोटात धरली आणि त्यांचा चेहरा घाण चव लागल्यासारखा झाला. मग सगळे गॅरेजवर गेले. कॉन्रॅडकाकांनी मुलांनी दाखवलेलं पिंप आडवं केलं आणि आपला मोजा उचलला.

“वांद्र्याचा एक जण हा विकत घ्यायला मागे लागला होता,” सॅन्टनअंकल पुटपुटले. “म्हटलं, तुमची गाडी वर्षातून दोनदा तर निघते. कोणाला कळणार...”

“शी!” जुलियाना आत्या एवढंच म्हणाली आणि तिने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी पप्पा आणि कॉन्रॅडकाकांनी मोठा सिलिंडर बसवला. पाइपांतली हवा काढायला पेडल दाबण्याचं काम मुलांचं. आधी पेडल गचगच करत होतं. हळूहळू ते घट्ट होत गेलं आणि शेवटी एलिनाच्या पायाखाली वरच्या वर अडलं. “लागला!” तिघं एकदम ओरडली.

रविवारी डोंगरी उतरताना वळणावर अचानक एक बैलगाडी आडवी आली. पप्पांनी पाय दाबला आणि मॉरिस जागीच उभी राहिली. आत्याच्या हातातली फुलंसुद्धा पडली नाहीत!

जेवणाच्या वेळी पप्पांनी माईक हातात घेतला. “मित्राने लावलाय म्हणून मी साधं कार्पेटही उचललं नाही. लाज वाटते मला. या तिघांनी ते उचललं, घाणीत हात घातला, म्हणून आज आम्ही सगळे इथे आहोत. एलिना, ऋतिका, एरॉल, मागा काय हवं ते!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिघांनी डोकी एकत्र करून कुजबुज केली. मग एलिना उठली.

“आम्हाला आमचं बावखल परत हवंय. सगळं तेल सॅन्टनअंकलनी स्वतःच्या हातांनी उपसायचं, आणि मेलेले मासेही!”

पप्पांनी शेवटच्या टेबलाकडे पाहिलं. तिथून उठून निघालेले सॅन्टनअंकल मान खाली घालून थांबले.

“उद्या सकाळी,” पप्पा म्हणाले. “मी बादली घेऊन येतो. पण आत तू उतरायचं.”

“आणि आम्ही काठावर!” एरॉल ओरडला. “नाक धरून!”