डाव्या सीटचं वजन

ही गोष्ट घडलेली आहे. दौंडच्या बाहेर कुरकुंभ रस्त्याला रोहिदासचं गॅरेज आहे. तिथल्या पत्र्याला आजही एक भोक आहे आणि रोहिदासच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. कोणाला खात्री करायची असेल तर जाऊन बघावं.

रात्र नव्हती. गेल्या वैशाखातला सोमवार, डोक्यावर ऊन, लाईट गेलेली.

गाडी सत्यजीतची होती. तो निमोण्याचा, कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जाणारा. सत्यजीतला मी जितका ओळखतो तितका कोणी ओळखत नाही, म्हणून सांगतो आहे.

त्याची बायको तेजश्री आदल्या भाऊबीजेला गेली. राहू गावी तिच्या माहेरी भावांना ओवाळून दोघं परत येत होते. लेक प्रांजल सुट्टीपुरती आजीकडं राहिली होती. चार दिवसांनी येते म्हणून तेजश्रीनं तिला सांगितलं होतं.

रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता, लाल कापडसुद्धा नव्हतं.

गाडीची डावी बाजू ट्रॉलीखाली गेली. ऊस काच फोडून आत आला, तो सीटच्या पाठीपर्यंत. सत्यजीतच्या कपाळाला नुसतं खरचटलं.

सगळे म्हणाले, गाडी विक. त्यानं विकली नाही. नवी काच, नवा पत्रा, नवी सीट बसवून घेतली. काळी, बुटकी, पळणारी गाडी. तेजश्रीच्या पसंतीनं घेतलेली.

पण दुरुस्त होऊन आल्यापासून गाडी डावीकडं कलायची.

मोकळी उभी असली तरी कलायची. चासी मोजून झाली, सरळ निघाली. स्प्रिंगा दोनदा बदलल्या. नवी स्प्रिंग टाकली की आठवडाभर कल थोडा कमी, मग परत डावी बाजू खाली… कोणी बसल्यासारखी.

प्रांजलची आजी विठाबाई हट्टाला पेटली होती. गाडी अजून त्याच अंगाला झुकती, तिच्यात माझी नात बसणार न्हाई, असं तिनं तोंडावर सांगितलं. सत्यजीत एसटीनं न्यायला गेला, तर ती म्हणाली, दारात गाडी ठेवून लेकराला एसटीनं नेता, म्हंजी तुम्हालाबी भ्या वाटतं. तो एकटाच एसटीनं परत आला.

जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. पोरगी घरी आणायची असेल तर गाडी सरळ उभी राहायला हवी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

रोहिदास हा तेजश्रीचा चुलतभाऊ. त्यानंच सुचवलं की कॉइलओव्हर बसवू. म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच नळीवर. नळीला आटे असतात, आट्यावर रिंग असते. हूक पान्यानं रिंग वर फिरवली की गाडीचा तो कोपरा वर येतो. प्रत्येक चाकाची उंची वेगळी लावता येते.

"दाजी, आता ती कलूनच दाखवू दे," रोहिदास म्हणाला.

सकाळी काम सुरू झालं. मदतीला गोकुळ होता, रोहिदासचा भागीदार, तोंडाचा फटकळ. उजवी बाजू सहज उतरली.

डाव्या बाजूचा शॉकअप बाहेर काढला. स्प्रिंग दाबून धरायला दोन क्लॅम्प लावले. रोहिदासनं आयुष्यात शेकडो स्प्रिंगा अशा उतरवल्या होत्या. वरचा नट ढिला केला…

क्लॅम्प सुटले.

स्प्रिंग गोकुळच्या कानाला घासून गेली, पत्रा फाडून वर गेली आणि मागच्या शेतात जाऊन पडली. कानाची पाळी लोंबत होती. गोकुळनं फडकं दाबून धरलं. पोरगी बघायला जायचंय, तोवर तरी कान ऱ्हायला पायजे होता, असं काहीतरी तो बोलला, आणि सगळे हसले.

हसण्यासारखं तेवढंच शेवटचं.

दुपारपर्यंत चारही कॉइलओव्हर बसले. गाडी जमिनीवर घेतली. रोहिदासनं टायर आणि मडगार्डमधली फट बोटांनी मोजली. त्याची पद्धतच ती. चारही चाकांना सारखी.

गाडी सरळ उभी होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

सत्यजीतनं बोनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पण रोहिदास मोकळ्या गाडीची उंची कधी धरत नाही. गाडीत रोज जे बसतात त्यांच्या वजनाच्या गोण्या सीटवर ठेवायच्या आणि मग रिंगा लावायच्या, हा त्याचा नियम. सत्यजीतला त्यानं स्टेअरिंगवर बसवलं आणि विचारलं, डावीकडं कोण असतं?

"तेजू," सत्यजीत म्हणाला.

सवयीनं निघून गेलं तोंडातून.

रोहिदास आत गेला. मग युरियाची भरलेली गोणी आणून त्यानं डाव्या सीटवर ठेवली. त्याच्या ताईचं वजन तेवढंच असेल.

डावी बाजू दबली. दबायलाच पाहिजे होती. रोहिदासनं रिंगा फिरवून ती वर घेतली, गाडी परत सारखी केली. मग गोकुळनं गोणी उचलून बाहेर काढली.

आता डावी बाजू बोटभर वर यायला हवी होती…

आली नाही.

रोहिदासनं बोनेट दाबून सोडलं. गाडी हलली, झुलली, परत तिथंच थांबली. शॉकअप अडकला नव्हता. सत्यजीत खाली उतरला, उजवी बाजू उचलली गेली. डावी तशीच.

"गोकुळ, बस रं डावीकडं," रोहिदास म्हणाला.

गोकुळ बसला. फटकळ, अंगानं भरलेला गडी. गाडी केसभरही दबली नाही.

"मला वजनच न्हाई म्हणायचं," तो म्हणाला.

मग त्याचा चेहरा बदलला.

"रोहिदास… सीट गरम हाय." तो हळूच बोलत होता. "सीट न्हाई ही. मी कुणाच्या तरी मांडीव बसलोय."

टक…

बेल्टचा आवाज होता.

बेल्ट कोणी ओढला नव्हता. तो आडवा आला आणि गोकुळच्या गळ्यावर बसला. आवळत गेला. गोकुळनं दोन्ही हातांची बोटं आत घातली तर बोटांसकट आवळला. डोळे बाहेर आले. पाय डॅशबोर्डवर आपटायला लागले, डॅशबोर्ड फुटला.

रोहिदास सुरी घेऊन धावला. बेल्ट तुटेना. सुरी घसरून गोकुळच्या खांद्यात गेली. पुन्हा कापलं, पुन्हा. शेवटी बेल्ट तुटला तेव्हा गोकुळ दारातून बाहेर फेकला गेला. कोणी पाठीत लाथ घालावी तसा. तोंडातून रक्त येत होतं. पुढं दोन महिने त्याला बोलता आलं नाही.

दार आपोआप लागलं.

सत्यजीत पळाला नाही. रोहिदासला मात्र भीतीच्या जागी राग चढला. घामानं आणि रक्तानं भरलेला तो पुढच्या डाव्या चाकाशी गुडघ्यावर बसला.

"ताई असशील तर ऐक," तो म्हणाला. "पोरगीला यायचंय या गाडीत. तू उतर."

त्यानं हूक पाना लावून रिंग वर घेतली. गाडीनं कुरकुर केली. अजून घेतली. मग किती वर आली ते बघायला त्यानं नेहमीसारखी टायर आणि मडगार्डमध्ये बोटं घातली…

गाडी खाली बसली.

पार खाली. टायर मडगार्डला भिडला.

रोहिदासचं ओरडणं रस्त्यापलीकडच्या हॉटेलात ऐकू गेलं. सत्यजीतनं जॅक लावला. जॅक वर जाईना, त्याचा दांडा वाकला. मडगार्डच्या काळ्या पत्र्यावरून रक्त खाली यायला लागलं. त्याच हातात तेजश्री दर भाऊबीजेला नारळ द्यायची.

सत्यजीत डाव्या काचेशी गेला. आत कोणी दिसत नव्हतं. सीटची गादी मात्र खोल गेलेली होती.

"तेजू," तो म्हणाला, "रोहिदास आहे तो. सोड त्याला. तुला कोणी उठवणार नाही."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग आत कुठंतरी रिंग फिरल्याचा आवाज आला. टक… टक… टक… पाना खाली पडलेला होता. गाडी हळूहळू वर आली आणि बरोबर सरळ होऊन थांबली. गोणीच्या वजनावर लावली होती तेवढीच.

रोहिदासचा हात बाहेर आला. दोन बोटं आत राहिली.

दवाखान्यात लोकांना सांगितलं, स्प्रिंग सुटली. रोहिदास सत्यजीतला जवळ बोलावून म्हणाला, "दाजी, ताईचा माझ्याव राग न्हाई. तिला जो उठवंल, त्याच्याव हाय. गाडी इकू नका आन् त्या जागी कोणाला बसवू नका."

रिंगांना परत कोणी हात लावला नाही.

जूनच्या तोंडाला सत्यजीत नवा बेल्ट लावून घेऊन राहूला गेला. विठाबाई अंगणात आली. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं.

"पाव्हणं, सरळ झाली की वो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सत्यजीतला तिला सांगता आलं नाही की गाडी सरळ का दिसते. सांगितलं असतं तर पोरगी मिळाली नसती.

त्यानं प्रांजलला मागचं दार उघडून दिलं. ती पुढं गेली आणि डावं दार उघडून बसली. त्यानं झडप घातली, तोपर्यंत बेल्ट लागला होता…

टक.

गळ्यावर नाही. कमरेवर, हलका.

गाडी दबली नाही. प्रांजल पूर्ण रस्ता झोपली. पारगावचा पूल ओलांडताना सत्यजीतनं तिच्याकडं बघितलं. तिची पाठ सीटला टेकली नव्हती. डोकं मागं हवेत होतं, आणि गाढ झोप.

त्या दिवशी त्याला वाईट वाटलं नाही. त्यानं गाडी सावकाश चालवली. उसाच्या रिकाम्या शेतांमधून तिघं घरी आले, असंच त्याला वाटलं.

त्याला आता काही महिने झाले. प्रांजल शाळेत जाते. गाडी दारात सरळ उभी असते. सत्यजीत रोज कामावर जाताना आधी डाव्या चाकाकडं बघतो.

परवा सकाळी डावी बाजू वर आलेली होती. बोटभर. गोणी उतरवल्यावर यायला हवी होती तेवढी.

डावं दार उघडं होतं.

सीटची गादी फुगून वर आलेली… कधी कोणी बसलं नसावं तशी.

सत्यजीत घरात पळाला. प्रांजल अजून झोपलेली होती. कॉटच्या एका कडेला, भिंतीला चिकटून. दुसऱ्या कडेची गादी खोल दबली होती.

त्यानं तिला उठवायला हात पुढं केला.

मग त्याला गोकुळचा गळा आठवला, आणि त्यानं हात मागं घेतला.

तेव्हापासून प्रांजल उठेपर्यंत तो दारात उभा राहतो. तिला हाक मारत नाही. शाळेला उशीर होतो, होऊ देतो.