दोनशे किलोच्या आतलं घर

एक कोडं घाला कुणालाही. काचेच्या कापडाचा पातळ पापुद्रा हाताने वाकतो. थर्मोकोल बोटाने मोडतं. मग या दोघांची मिळून केलेली फळी बहात्तर किलोच्या म्हाताऱ्याला कशी पेलते?

तो म्हातारा मी. कोडं सोडवलं माझ्या नातीने, केतकीने. ती बारा वर्षांची आहे.

देवगडला माझी फायबरच्या होड्या दुरुस्त करायची शेड आहे. केतकीची आजी, वत्सला, गेल्या वर्षी गेली. ती नेहमी म्हणायची, एकदा घाटावर जाऊ, रोज नव्या गावी चूल मांडू. मी म्हणायचो, हातातली होडी संपू दे. होड्या संपल्या नाहीत.

म्हणून मी गाडीमागे ओढायचं घडीचं घर करायला घेतलं. चालताना ते कमरेएवढं. थांबलं की छप्पर वर ढकलायचं आणि आत दुमडलेल्या भिंती उभ्या करायच्या. माझा मुलगा सुहास म्हणाला, तुमचं वय झालं, पुण्याला येऊन राहा. वय झालंच आहे. पण हात शाबूत आहेत. शेवटी असं ठरलं, की केतकीची मे महिन्याची सुट्टी संपायच्या आत घराला परवाना मिळाला तर मी निघणार. नाहीतर शेड बंद.

परवाना देतो तो मापारी, म्हणजे वाहनं तपासणारा यंत्रमानव. माझी छोटी सौर गाडी घाटात दोनशे किलोच ओढते, म्हणून घर त्याहून जड चालणार नव्हतं. शिवाय छपराने शंभर किलो पेलायला हवे होते.

होडीवाल्याची सवय अशी, की मजबूत हवं तर आणखी एक थर. मी थरावर थर चढवले. नुसतं छप्परच एकशे साठ किलो भरलं.

"बाबा, आता पुरे," सुहास फोनवर म्हणाला.

"पुरे कधी ते मी ठरवणार."

केतकी आली तेव्हा तिने जाड स्पंजच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारल्या, स्पंज दोन विटांवर ठेवला आणि मधोमध दाबला. रेघांची वरची टोकं जवळ आली, खालची लांब गेली. मध्यावर अंतर तेवढंच राहिलं.

"आजोबा, वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. मधला जवळजवळ बसून आहे. मग तिथे जड माल कशाला भरलात?"

चाळीस वर्षं मी तेच करत आलो होतो.

उपाय म्हणजे संमिश्र फळी (वेगळे पदार्थ चिकटवून केलेली फळी). वर-खाली मजबूत पापुद्रे, मध्ये हलका गाभा. गाभ्याने पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर ठेवायचं आणि घसरू द्यायचं नाही. पापुद्र्यांमधलं अंतर दुप्पट केलं की फळी जवळपास चौपट ताठ होते. वजन किंचितच वाढतं.

मी लगेच थर्मोकोलवर होडीचं रेझिन (कापड कडक करणारा चिकट द्रव) ओतलं. बघता बघता थर्मोकोल विरघळून खड्डा पडला. केतकी पोट धरून हसली. मग थर्मोकोलला न खाणारं इपॉक्सी आणलं, आणि चिकटेपर्यंत वर मासेमारीच्या जाळ्यांची शिशाची वजनं मांडून ठेवली. नीट चिकटलं नाही तर पापुद्रे सुटे पडतात, आणि सुटे पडले की दोघेही दुबळे.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मापारी आला. घर एकशे ब्याऐंशी किलो भरलं. त्याने छपरावर टकटक केलं.

"जाडीच्या मानाने फार हलकं आहे. नाकारण्याची शिफारस करतो."

"शिफारस राहू दे. वजन ठेव."

त्याने शंभर किलो ठेवले. छप्पर चार मिलिमीटर वाकलं. वजन काढल्यावर सरळ झालं.

"आता दीडशे ठेव," मी म्हटलं.

तेही पेललं. मापाऱ्याने कारण विचारलं. केतकीने त्याला स्पंज दाखवून सगळं समजावलं. ते त्याने नोंदवून घेतलं आणि परवाना दिला.

सुहासला कळवलं, तर त्याने आत खाटा किती ते विचारलं. दोन, मी म्हटलं. मग तो म्हणाला, केतकीला आठवडाभर ठेवून घ्या, तिची शाळा मी बघतो.

"आजोबा, मंगळावर घरं न्यायची झाली तर तीही अशीच हलकी लागतील," केतकी म्हणाली.

"लागू देत. आधी करूळ घाट चढू."