फेसाचं घर

“हिरवं नको. ते राहू दे झाडाला.”

मी विहाराच्या आवारात, चपला काढून कठड्यावर चढले होते. वर जंगली बदामाचं झाड, हातात ताटाएवढी सात-आठ टवटवीत पानं... आणि खाली एक उंच माणूस. खांद्यावर गोणपाट, मान वर. पाहत होता तो माझ्याकडे नव्हे, माझ्या हातातल्या पानांकडे.

मला राग आला. माझा सख्खा भाऊ त्याच विहारात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, भिक्खू होऊन बसलेला. निदान चार पानांवर तरी आमचा हक्क असावा. मी ठसक्यात सांगितलं की मासा आजारी आहे, बाजारातल्या बाईनं बदामाचं पान पाण्यात टाकायला सांगितलंय. तो म्हणाला की बाई बरोबर बोलली, पण पान आपणहून गळलेलं लागतं, लाल होऊन वाळलेलं. मग त्यानं गोणपाटात हात घातला, चार वाळकी पानं काढली, सदऱ्याला पुसली आणि वर धरली.

“काय करतो मासा?”

“काहीच करत नाही,” मी म्हटलं, आणि माझा ठसका तिथेच संपला. “चार दिवस झाले... तळाशी पडून आहे.”

तो मासा माझ्या बाबांचा. लढाऊ जातीचा, पण बाबांनी तीस वर्षांत एकही मासा लढवला नाही. ओसरीत बरण्या मांडून ते फक्त रंगाच्या मागे असायचे. आमच्या नाखोन पथोम भागातल्या शेतकऱ्यांच्या सदऱ्याला असते ना, धुऊन धुऊन मुरलेली नीळ, ती त्यांना माशाच्या अंगावर हवी होती. शेवटी एकात ती उतरली. त्याचं नाव ठेवलं ख्राम, म्हणजे नीळच. एप्रिलमध्ये बाबा गेले. बाकीच्या बरण्या मागायला आलेल्यांकडे गेल्या. जुलैत भावानं बाबांना पुण्य लाभावं म्हणून डोकं भादरलं आणि जाताना ख्रामची बरणी माझ्या मांडीवर ठेवली. बाबांचा शेवटचा आहे, सांभाळ, एवढंच म्हणाला. मी शाळेचे गणवेश शिवणारी बाई. माशातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण ख्राम गेला असता तर घरात बाबांचं असं हलतं-डुलतं काहीच उरलं नसतं. भाऊ सकाळी भिक्षेला दारात यायचा. पात्रात भात वाढताना तो काही विचारायचा नाही... पण त्याची नजर माझ्या खांद्यावरून ओसरीकडे जायची.

विचियान, हे त्या माणसाचं नाव, तिथेच झाडाखाली माझी उलटतपासणी घ्यायला लागला. पाणी कधी बदलता? रोज, सगळंच्या सगळं, मी अभिमानानं म्हटलं. कुठलं पाणी? नळाचं, थेट. खायला? तो मागेल तेव्हा. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, कौतुकानं.

“आणि वर फेस धरायचा ना, तोही महिनाभर रोज सकाळी चमच्यानं काढत होते,” मी सांगितलं. “आता चार दिवस नाही धरत. स्वच्छ आहे अगदी.”

त्यानं गोणपाट खाली ठेवलं.

“तो फेस नव्हता,” तो हळूच म्हणाला. “तोंडानं एक-एक बुडबुडा सोडून नर घर बांधतो. मादी येईल, अंडी घालील, म्हणून.” आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. “महिनाभर तो रोज घर बांधत होता, बाई. आणि तुम्ही रोज...”

पुढचं त्यानं गिळलं. मी कठड्यावरून उतरले. एक चप्पल सापडेना. ती त्यानंच उचलून पायांशी ठेवली आणि विचारलं, घर लांब आहे का.

घरी आला तो बरणीकडे न जाता आधी आरशाकडे गेला. गिऱ्हाइकांनी मापं बघावीत म्हणून माझा उंच आरसा शिवणयंत्राशेजारी असायचा, आणि ख्रामची बरणी, माझ्या नजरेसमोर राहावी म्हणून, त्याच आरशासमोर. विचियाननं आरसा भिंतीकडे फिरवला. म्हणाला, हा गडी महिनाभर दिवसभर स्वतःशीच भांडत होता. थकणार नाही तर काय होणार. मग आईकडे मडकं मागितलं, पाणी भरून एक दिवस उघडं ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्या शिळ्या पाण्यात चिमूटभर जाडं मीठ टाकलं, अर्धं पान टाकलं. संध्याकाळपर्यंत पाण्याला चहाचा रंग आला. ते पाणी बरणीत, मासा त्यात, बरणी पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, वर पुठ्ठ्याचं झाकण. दोन दिवस काही खायला नाही. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, हे वाक्य त्यानं मला तीनदा ऐकवलं. आणि पाणी बदलायचं ते चौथ्या दिवशी, चारातला एक वाटा, बस.

“म्हणजे मी काही करायचंच नाही?”

“तुम्ही ते आधीच पुष्कळ केलंय,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मी हसते की मारते, ह्याचा अंदाज घेत असावा.

तिसऱ्या सकाळी ख्राम वर आला. शेपूट पसरली, काचेजवळच्या माझ्या बोटाकडे पाहिलं आणि गाल फुगवले. मी शिवणयंत्रावर डोकं टेकून रडले. आई म्हणाली, उठ, कापडावर डाग पडतील. आणि स्वतः पदराशी चाळा करत ओसरीत जाऊन उभी राहिली.

मासा बरा झाला. वैद्याचं येणं मात्र थांबलं नाही. आठवड्यातून दोनदा तो सायकलला डबा अडकवून यायचा. डब्यात डासाच्या अळ्या. प्रेमाची भेट म्हणून माझ्या मैत्रिणींना काय काय मिळालं होतं... मला डासाच्या अळ्या मिळाल्या, आणि मी त्यांची वाट पाहायचे. आई त्याला मुद्दाम तळलेला बांगडा वाढायची, माशांचा वैद्य मासे खातो का बघू म्हणून. तो दोन खायचा.

आईला तो आवडायला लागला होता आणि त्याचीच तिला धास्ती होती. तिसऱ्या की चौथ्या जेवणाला तिनं विचारलं, कधी भिक्खूचं चीवर घातलंस का रे. तो नाही म्हणाला. एकोणतीस वर्षांचा आणि कच्चा, असं ती भांडी घासताना मला ऐकू जाईल इतपत पुटपुटली. आमच्याकडे भिक्खू होऊन आलेला पुरुष पिकलेला, न झालेला कच्चा; आणि कच्च्याच्या हाती मुलगी द्यायची नाही, ह्यावर आई ठाम होती. मी म्हटलं, कुणी मागितलीय मुलगी. त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कढई पुन्हा घासायला घेतली.

ऑगस्ट संपता संपता ख्रामनं पुन्हा घर बांधलं. ह्या वेळी मी चमचा कपाटात ठेवून कुलूप लावलं. विचियान घराकडे पाहत राहिला. मग म्हणाला की अडीच वर्षांचा झालाय, ह्या जातीत हे वय बरंच झालं. वंश ठेवायचा तर हीच वेळ आहे. त्याच्याकडे चारशे बारा बरण्या होत्या आणि त्यांतल्या एकीत राखी रंगाची एक मादी, स्वभावानं गरीब. पण धोका आहे, त्यानं सांगून टाकलं. म्हातारा थकून जाईल. जाऊही शकतो.

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “तुझ्या बाबांनी काय केलं असतं?”

ते तिलाही माहीत होतं, मलाही.

पसरट मातीच्या कुंडीत ख्राम सुटा, आणि मादी आधी दोन दिवस कंदिलाच्या काचेच्या चिमणीत, त्याच्या डोळ्यांसमोर पण आवाक्याबाहेर. तिसऱ्या दिवशी चिमणी उचलली. आता राखण करणं आलं. नर बिथरला तर मादीला फाडतो. कुंडीच्या एका बाजूला विचियान, दुसऱ्या बाजूला मी. हलायचं नाही, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, बोलायचं तर कुजबुजत. बाहेर संथ पाऊस... आत भाताच्या वाफेचा वास, आणि पडद्यामागे आई, झोपल्याचं सोंग करून.

ख्राम तिच्याभोवती फिरत होता. पंख पसरून, मिरवत, मध्येच घराकडे जाऊन, बघ, एवढं बांधलंय, असं दाखवत. ती पळाली. त्यानं पाठलाग केला. माझा हात पाण्याकडे गेला तसा विचियाननं मनगट धरलं.

“थांब,” तो कुजबुजला. “तिला ठरवू दे.”

तो माझ्याशी पहिल्यांदाच ‘तू’च्या भाषेत बोलला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं. मनगट सोडायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

“मी घाबरले की हात मध्ये घालते,” मी म्हटलं. “सवय आहे.”

“माहीत आहे. आणि रागावलीस की तुझेही गाल फुगतात. त्याच्यासारखे.”

“आणि तुमच्या कानांचं काय? विहाराच्या दिव्यासारखे पेटतात.”

“ते...” त्यानं पाण्याकडेच पाहत म्हटलं, “ते ह्याच घरात पेटतात. बाकी कुठे नाही.”

मीही पाण्याकडेच पाहिलं. हलायचं नव्हतंच ना, मासे बिथरतात. पाण्यात मादी आपणहून वळून घराखाली आली. ख्राम तिच्याभोवती हळू वळला, मिठी घालावी तसा, आणि पांढरे दाणे एक-एक करून खाली झरायला लागले. तो खाली सूर मारायचा, दाणा तोंडात धरायचा, वर नेऊन फेसात ठेवायचा, पुन्हा खाली. इतकं म्हातारं शरीर, आणि एकही दाणा त्यानं तळाला राहू दिला नाही.

मादीला काढून घेतलं. ख्राम पाच दिवस न खाता घराखाली उभा राहिला. फेसाखाली बारीक शेपट्या लोंबायला लागल्या, पडल्या की तो उचलून ठेवायचा. पिल्लं स्वतः पोहायला लागली त्या दिवशी त्याला बरणीत परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पानाखाली निजलेला होता. रंग तसाच होता, नीळ.

मी विचियानला निरोप धाडला. तो आला तेव्हा मी ओसरीत बसून तेच तेच बोलत होते: मी पाणी चुकवलं असेल, मी उशीर केला असेल, मी चमच्यानं पहिल्या महिन्यात त्याचं बळ संपवलं. तो शेजारी बसला. माझं सगळं बोलून होईपर्यंत थांबला.

“दुआन,” तो म्हणाला, “ह्या जातीचे मासे मी लहानपणापासून मरताना पाहतोय. लढून, थंडीनं, उपासमारीनं, घाणीनं. म्हातारे होऊन मेलेले मी हाताच्या बोटांवर मोजीन. हा त्यांतला आहे. ते तुझ्या घरात झालं.”

मी त्या वाक्याची अजूनही ऋणी आहे. पुढच्या आयुष्यात त्यानं मला पुष्कळ काही दिलं, पण सगळ्यांत वर मी ते ठेवते.

आईनं ख्रामला स्वतः बदामाच्या पानात गुंडाळून अंगणात पुरलं. आणि पिल्लांना उकडलेल्या अंड्याच्या बलकाचे थेंब घालण्याचं काम, कुणी न सांगता, तिनं अंगावर घेतलं. पुढे पाण्यातल्या लाल पिसवा गाळून आणायलाही तीच जायची, फडक्याची जाळी घेऊन, शेजारणींशी भांडत. भाऊ ऑक्टोबरात चीवर उतरवून घरी आला, तेव्हा कुंडीत एकतीस पिल्लं होती. तो वाकून पाहत राहिला. पण सगळी राखी, त्या मादीवर गेलेली. मी रोज उजेडात धरून बघायचे आणि कुणाला सांगायचे नाही की काय शोधतेय.

नोव्हेंबरच्या एका सकाळी विचियान पिल्लं वेगळ्या बरण्यांत घालत होता, आणि त्याचा हात थांबला. त्यानं एक बरणी आईसमोर धरली. अंगावरून उन्हाची कलती तिरीप गेली आणि कल्ल्यामागे, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, नीळ होती.

आई बरणी घेऊन बसली. खूप वेळ. मग तिनं विचियानला विचारलं, पण नेहमीच्या टोमण्याच्या आवाजात नव्हे, तू चीवर का नाही घातलंस रे पोरा.

त्यानं हात पुसले. म्हणाला की मासे सोपवून जायला कुणी नाही, हे तो सगळ्यांना सांगतो. पण खरं ते नाही.

“मुलगा चीवर घालतो ते आईसाठी ना, मावशी. तिनं त्याचा पदर धरून स्वर्गात जावं म्हणून. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. दीक्षेच्या दिवशी सगळ्यांच्या आया पुढे होऊन मुलांच्या हातात चीवर ठेवतात... माझ्या हातात कोण ठेवणार? म्हणून गेलो नाही.”

भाऊ ओसरीच्या पायरीवर होता, तो दुसरीकडे पाहायला लागला. मी सुईत दोरा ओवत होते. तो काही जाईना.

आईनं बरणी खाली ठेवली.

“मी ठेवीन,” ती म्हणाली. “माझ्या माणसाचं तू राखलंस. पुढच्या वर्षावासाला जा. चीवर मी देते. माझ्या मुलीनं शिवलेलं.”

विचियाननं हात जोडले, कपाळ टेकवलं, आणि ते वर उचलेचना. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जरा वेळानं म्हणाली, केस दाट आहेत, न्हाव्याला वस्तरा दोनदा पाजळावा लागेल.

तो उठला आणि माझ्याकडे वळला. कान पेटलेले.

“चारशे बारा बरण्या,” तो म्हणाला. “शिवाय ह्या एकतीस. तीन महिने... जमेल?”

“तीनच महिने ना?”

“एकटीनं तीनच,” तो म्हणाला. “पुढचे सगळे, दोघांनी.”

मी हो म्हटलं. आवाज फुटला नसावा, कारण त्यानं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हटलं.